या वर्षीचा, मागच्या वर्षीचा

"या वर्षीचा हातात घेतल्या घेतल्या कळतो," ती रेकॉर्डरमध्ये बोलत होती. डोळे मिटलेले, दोन्ही तळहात टेबलावर उताणे आणि प्रत्येकावर एकेक फोन. "हलका झालाय. कडा मऊ आहेत. मागच्या वर्षीचा बोटांना जरा टोचायचा, हा टोचत नाही. उजव्या हातात आहे तो अगदी..." आणि समोर दिवा सरकवत उभा असलेला फोटोग्राफर सहज म्हणाला, "ताई, उजव्या हातात मागच्या वर्षीचा आहे."

एवढंच झालं. तिनं डोळे उघडले. दोन काळे फोन, भाऊभाऊ म्हणावेत असे. फोटोग्राफरनं ओळखीसाठी खालच्या कडेला चिठ्ठ्या लावल्या होत्या, नव्याला पांढरी आणि जुन्याला पिवळी. उजव्या हातातली चिठ्ठी पिवळी होती. ती हसली. "अरे, असं होय," म्हणाली आणि रेकॉर्डर बंद केला. फोटोग्राफरही हसला. "होतं कधीकधी," म्हणाला आणि पुन्हा दिव्याच्या मागे लागला. तो चाळिशीतला, स्वतःच्या कामापलीकडे फारसं न पाहणारा माणूस. त्याच्या दृष्टीनं विषय तिथंच संपला. पण हे कधीकधी होणारं नव्हतं. एकोणीस वर्षांत हे एकदाही झालं नव्हतं. त्या साप्ताहिकाच्या कचेरीत तिला सगळे तराजू म्हणत, तोंडावर म्हणत, आणि तिला ते आवडायचं. दहा ग्रॅमचा फरक ती हातावर सांगायची. काच पूर्वीपेक्षा किती पातळ झाली, बटण दाबल्यावर किती खोल जातं, पाठ धातूची आहे की धातूसारखी दिसणाऱ्या प्लास्टिकची, हे डोळे मिटून. तिच्या पानाचं नावच 'हाताचं मत' होतं आणि त्याचा नियम वाचकांना पाठ होता: आधी हात, मग कागद. नव्या फोनबरोबर कंपनीकडून माहितीचा कागद येतो. तो लिफाफा ती स्वतःचं लिहून झाल्याशिवाय फोडत नसे. आधीचा महिनाभर फोनबद्दल कुणी काही बोलायला लागलं, तर सरळ उठून जात असे. या वर्षीचाही लिफाफा तिच्या खणात तसाच बंद पडलेला होता.

ती हात धुवायला गेली. नळ सोडला आणि पाण्याखाली हात धरून उभी राहिली. पाणी गार आहे हे कळत होतं. नखाखालचा साबणाचा कण कळत होता. मग अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासताना तिच्या ध्यानात आलं की आपण नेमकं आईसारखं करतोय, आणि तिनं बोटं झटकन अलग केली. आई शिवणकाम करायची. घराच्या पुढच्या खोलीत दोन यंत्रं, कापायचं मोठं टेबल आणि गिऱ्हाइकांसाठी एक बाक. बायका कापड घेऊन यायच्या, आई त्यांच्याशी गप्पा मारत मारत कापडाचा कोपरा दोन बोटांत धरायची, डोळे समोरच्या बाईच्या तोंडावर, आणि गप्पांच्या मध्येच सांगून टाकायची, "सुती म्हणून दिलंय तुम्हाला, पण यात निम्मं नायलॉन आहे. उन्हाळ्यात घालू नका." बायका चाट पडायच्या. लहानपणी ती टेबलाखाली बसून चिंध्या चोळायची आणि आई वरून परीक्षा घ्यायची, "हं, हे काय?" सहा वर्षांची असताना तिला अकरा प्रकार येत होते. बोटं आईचीच घेतली हिनं, असं सगळे म्हणायचे. आणि पुढं एका दुपारी आईनं कुणाच्या तरी कोटासाठी आलेलं लोकरीचं कापड सुती समजून गरम पाण्यात बुडवलं. सुती कापड शिवण्याआधी आटवून घ्यावं लागतं, म्हणून. बाहेर आलं तेव्हा ते निम्मं झालं होतं, पुठ्ठ्यासारखं जाड. ती त्याच वेळी कामावरून घरी आली होती. आई मोरीच्या दारात ते ओलं कापड धरून उभी होती, बोटांनी पुन्हा पुन्हा चाचपत होती. "हात बहिरे झाले गं माझे," आई म्हणाली. आणि ती, सव्वीस वर्षांची, पायांतले बूटसुद्धा न काढता, म्हणाली होती, "लक्ष कुठं असतं तुझं?"

आई तेव्हा त्रेपन्न वर्षांची होती. त्यानंतरची नऊ वर्षं घरातल्या कुणाला पुन्हा मोजावीशी वाटली नाहीत. आधी कापडांची नावं गेली, मग गिऱ्हाइकांची, मग चहात साखर घातली की नाही ते, मग हिचं. शेवटी शेवटी आई हिच्या बाहीचा कोपरा दोन बोटांत धरून तासन्‌तास चोळत बसायची आणि बोटांकडून तिला काहीच कळत नसे. ती नुसती चोळत राहायची. हे सगळं आठवलं तेव्हा नळ चालूच होता. तिनं तो बंद केला. ती स्वतः आता बावन्न पूर्ण करून त्रेपन्नाव्यात होती.

टेबलाशी परत येऊन तिनं फोटोग्राफरला सांगितलं की डोकं दुखतंय, उरलेलं उद्या करू. बॅगेत दोन्ही फोन टाकले, का कोण जाणे लिफाफाही टाकला, आणि ती रस्त्यावर आली. रस्ता नेहमीचाच होता. पण आज तिनं प्रत्येक दुकानाचं नाव पाटी पाहायच्या आधी मनात म्हणून पाहिलं. चष्मेवाला, औषधवाला, किल्ल्या करून देणारा, मग ते फुलांचं, मग... मग काय? पाचवं दुकान आठवेना. ती थबकली. मागून येणारा माणूस तिच्यावर आदळता आदळता राहिला. पाचवं दुकान रिकामंच होतं. गेल्या महिन्यात बंद झालं होतं. तिला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. आणि चालता चालता दुसरी गोष्ट, जी तिनं दोन-तीन वर्षं मनाच्या तळाशी दाबून ठेवली होती, ती वर आली. बोटं चुकली ती आज. पण त्याआधीच काहीतरी चुकलं होतं. तिला आनंद होईनासा झाला होता.

पूर्वी व्हायचा. तो खोटा नव्हता, पगारापुरता नव्हता. ज्या वर्षी फोनवरची बटणं गेली आणि नुसती काच उरली, त्या वर्षी ती खोकं उघडून त्या काचेवरून बोट फिरवताना अक्षरशः लाजली होती, कुणीतरी आपल्याला पाहतंय असं वाटून. ज्या वर्षी कॅमेऱ्याला अंधारात दिसायला लागलं, त्या वर्षी तिनं नवऱ्याला दिवे मालवून जिन्यात उभं केलं होतं, आणि फोटोत त्याच्या स्वेटरची वीणसुद्धा दिसली तेव्हा दोघंही जिन्यातच बसून हसली होती. वर्षातून एकदा ते खोकं यायचं आणि आठवडाभर तिच्या चालण्यातसुद्धा फरक पडायचा. मग केव्हापासून तरी खोकं यायचं आणि ती ते उघडायची, आणि आत फोन असायचा. बस. ती वाट पाहायची. आता होईल, चालू केल्यावर होईल, फोटो काढल्यावर होईल. काही व्हायचं नाही. मग ती जुन्या लेखांतली विशेषणं काढायची, झटकायची आणि पुन्हा वापरायची. 'आणखी सफाईदार', 'आणखी सुबक', 'हातात विरघळणारा'. गेल्या वर्षी विरघळणारा हा शब्द लिहिताना तिला स्वतःची इतकी लाज वाटली होती की ती उठून खिडकीशी गेली होती. आईचंही असंच झालं होतं ना? कापडाचे नवे नमुने आले की आई पूर्वी लहान मुलीसारखी गठ्ठ्यावर तुटून पडायची, आणि ते बहिरेपण यायच्या आधी वर्ष-दोन वर्षं गठ्ठे न सोडताच पडून राहायचे. "बघते गं सावकाश," म्हणायची. तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आधी आनंद जातो, मग बोटं जातात, मग माणूस. क्रम तिला पाठ होता.

पुढचे तीन दिवस तिनं कचेरीतून रजा घेतली, पण घरात ताकास तूर लागू दिली नाही. स्वतःची परीक्षा म्हणून शंभरातून सात, सात वजा करत ती दोनपर्यंत खाली यायची, भांडी घासताना, कपडे वाळत घालताना. शाळेतल्या वर्गातल्या मुलींची नावं बाकांच्या क्रमानं म्हणायची. तिसऱ्या बाकावरची एक सापडत नव्हती आणि त्या एकीपायी अख्खी दुपार गेली. कपाटात तोंड घालून, डोळे मिटून, हाताला लागेल तो कपडा ओळखायची. ते सगळे बरोबर येत होते, पण त्यानं समाधान होईना, कारण कपडे स्वतःचेच होते. आणि रोज एकदा, दार लावून, ते दोन फोन. उलटसुलट करून, पाठीमागे धरून, पुन्हा पुढे आणून. पांढरी की पिवळी? दहातले पाच बरोबर. म्हणजे नाणं उडवलं असतं तरी तेवढेच आले असते. लिफाफा मात्र तिनं फोडला नाही. आत लिहिलेलं असणार, इतके ग्रॅम कमी, इतका पातळ, आणि मग आपल्याला काय काय कळलं नाही ते आकड्यांत समोर येणार. तेवढं बळ तिच्यात नव्हतं.

नवरा भूगोल शिकवायचा. मास्तरकीमुळे त्याला समोरच्याचं लक्ष कधी वर्गाबाहेर गेलं ते बरोबर कळायचं. चौथ्या दिवशी संध्याकाळी तो वह्या तपासता तपासता म्हणाला, "किती झाले?"

"काय किती?"

"पुटपुटतेयस ते. पासष्टवरून अठ्ठावन्नवर आलीस, पुढं थांबलीस."

ती त्याच्यासमोर येऊन बसली. मग सगळंच बोलली. लोकरीचं कापड, बूट, पिवळी चिठ्ठी, तिसऱ्या बाकावरची मुलगी, सगळं एका दमात, वाक्यं अर्धवट टाकत. त्यानं लाल पेनाचं टोपण लावलं आणि वह्या बाजूला सरकवल्या. तिला वाटलं, आता हा म्हणणार, उगीच सुतावरून स्वर्ग गाठतेस. म्हणाला असता तर ती त्याला कधी माफ करू शकली नसती. तो म्हणाला, "उद्या मला दोनच तास आहेत. अकराला सुटतो. आपण जाऊन दाखवून येऊ. घरात बसून सात वजा करण्यात काय अर्थ आहे?" मग म्हणाला, "आणि ती तिसऱ्या बाकावरची. मला आमच्या वर्गातली निम्मी मुलं आठवत नाहीत. शिकवतो त्या वर्गातली म्हणतोय."

मेंदूच्या डॉक्टरीणबाई बुटक्या होत्या आणि त्यांची खुर्ची फार उंच होती. पाय जमिनीला टेकत नव्हते. त्याकडे पाहून तिला कसा कोण जाणे धीर आला. बाईंनी पाच शब्द सांगितले, शिडी, लिंबू, खिडकी, घोडा, निळा, आणि म्हणाल्या, जपून ठेवा, मागाहून मागणार आहे. घड्याळ काढायला लावलं, पावणेपाच दाखवायला लावले. एका मिनिटात आठवतील तेवढे प्राणी म्हणायला लावले; ती एकोणतिसाव्या प्राण्यावर असताना बाईंनीच "पुरे, पुरे" म्हटलं. मग डोळे मिटायला सांगून तळहातावर एकेक वस्तू ठेवली. "चावी," ती म्हणाली. "कुलपाची नाही, कपाटाची. पोकळ नळीची आहे." पुढची. "बटण. चार भोकांचं. शिंपल्याचं असावं, प्लास्टिक एवढं गार लागत नाही." पुढची. "कागदाची टाचणी. एकदा वाकवून पुन्हा सरळ केलीय कुणीतरी." "ती मी वाकवली होती," बाई म्हणाल्या. "बरं, ते पाच शब्द?" तिनं पाचही सांगितले.

"आता मला सांगा, तुम्ही इथं का आलात?"

तिनं सांगितलं. सांगताना आईच्या भागाशी ती अडखळली, आणि बाईंनी घाई केली नाही. आईला किती वर्षं झाली होती, सुरुवात कशी झाली, कुटुंबात आणखी कुणी, सगळं विचारून लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "ते फोन आहेत का जवळ?" तिनं बॅगेतून काढले. बरोबर लिफाफाही टेबलावर आला.

"हे काय?"

"कंपनीचा कागद. फोनमध्ये काय बदललंय ते असतं. मी लिहून होईपर्यंत वाचत नाही."

"मग मास्तरांनी वाचावा," बाई शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे वळून म्हणाल्या. "माझ्या तपासणीचाच भाग समजा."

नवऱ्यानं लिफाफा फोडला. चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि नद्यांची लांबी सांगावी तशा आवाजात वाचायला लागला. पहिली दोन पानं नुसती विशेषणं होती. ती त्यानं उलटली. तिसऱ्या पानावर दोन रकाने होते, मागचा आणि नवा. "लांबी. तेवढीच. रुंदी. तेवढीच. जाडी. तेवढीच. पडदा. तोच. काच. तीच. मागचा कॅमेरा. हं, इथं काहीतरी लिहिलंय. 'सुधारित अनुभव'. आकडे मात्र तेच आहेत. पुढचा कॅमेरा. तोच. बॅटरी..." त्यानं कागद जवळ घेतला. "बॅटरी एक टक्का जास्त. वजन." तो थांबला. तिनं खुर्चीची कड घट्ट धरली होती, खुर्चीच्या खालची एक सैल झालेली खिळ्याची टोपी तिच्या बोटाला लागत होती. "वजन एक ग्रॅमनं कमी."

"एक?"

"एक. आणि एक नवा रंग आलाय. जांभळट करडा. पण तुझ्याकडे काळाच पाठवलाय."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी फोन उचलला, दुसरा उचलला आणि दोन्ही ठेवून दिले. "एक ग्रॅम म्हणजे त्या मघाच्या चावीएवढंसुद्धा नाही. तुम्हाला दहातले पाच आले ना? फरकच नसेल तर पाचच यायला हवेत. आठ आले असते तर मी म्हटलं असतं, काहीतरी लबाडी आहे."

तिच्या तोंडून आवाज फुटला तो हसण्याचा की रडण्याचा, ते तिलाही सांगता आलं नसतं. जीव भांड्यात पडणं हे तिनं हजारदा ऐकलं होतं, लिहिलंही होतं, पण त्याला आवाज असतो हे तिला त्या दिवशी कळलं. नवरा कागदाची घडी घालत होता, चार-चारदा घालत होता. तेव्हा कुठं तिच्या ध्यानात आलं की गेली रात्र या माणसानं कशी काढली असेल आणि आज सकाळी वर्गात उभं राहून कसं शिकवलं असेल. पण एक राहिलंच होतं. "तो आनंदाचा काय प्रकार?" तिनं विचारलं. "मला काही वाटतच नाही. दोन-तीन वर्षं झाली."

"फोनबद्दल वाटत नाही, की कशाबद्दलच नाही? शेवटचं हरखून कधी गेला होतात?"

ती विचार करायला लागली, पण करावा लागला नाही. तिनं या वयात पोहायला शिकायला घेतलं होतं, आणि दीड महिन्यापूर्वी एका सकाळी ती पहिल्यांदा पाठीवर तरंगली होती. कान पाण्याखाली गेले, जगाचा आवाज बंद झाला, वर छताचे पत्रे आणि त्यांतून येणारा उजेड, आणि पाण्यानं तिला उचलून धरलं होतं, काही न मागता. बाहेर आल्यावर तिला ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना, म्हणून तिनं तिकीट फाडणाऱ्या अनोळखी बाईला सांगितलं होतं, "अहो, मी तरंगले!" आणि त्या बाईनं उठून हात मिळवला होता. हे सांगताना तिचे हात आपोआप पसरले, डॉक्टरीणबाईंच्या टेबलावरची पेनं खाली पडली. "हे बघा," बाई वाकून पेनं गोळा करत म्हणाल्या, "आनंद गेलेला नाही. त्यानं बिऱ्हाड हलवलंय. तुम्ही जुन्या पत्त्यावर कडी वाजवत बसलात." आणि मग, दाराशी, गंभीरपणे म्हणाल्या, "आज मला काळजीचं काही दिसत नाही. जन्मभराचं मी लिहून देत नाही, कुणालाच देत नाही. आईचं लक्षात घेता वर्षातून एकदा येत जा." वर्षातून एकदा, तिनं मनात म्हटलं, आणि ही तारीख मात्र तिनं त्याच दिवशी लिहून ठेवली.

संध्याकाळ व्हायच्या आत तिनं लेख लिहिला. एकही विशेषण जुन्यातून काढावं लागलं नाही. डोळे मिटून दोन फोन हातात घेतले आणि फरक कळला नाही, म्हणून मी घाबरून डॉक्टरांकडे गेले, असं सरळ लिहिलं. आईचं एका वाक्यात लिहिलं. पुढं लिहिलं की दरवर्षी नवा फोन आला की आनंद झालाच पाहिजे असं मला वाटत होतं, आणि झाला नाही तर दोष माझा. तुमच्यापैकी कुणाला तसं वाटत असेल तर तुम्ही आजारी नाही. गोष्ट सुरुवातीला धावते, मग चालते, मग बसते. ती बसली म्हणून आपण तिच्याभोवती टाळ्या वाजवत फिरायचं कारण नाही. तुमचा फोन चालतोय ना? चालू द्या.

संपादक ते उभ्यानंच वाचायला लागले आणि मध्येच खाली बसले. मोठे, घामट, मनानं वाईट नसलेले गृहस्थ. मागच्या पानावर त्याच कंपनीची पानभर जाहिरात होती आणि दोघांनाही ते ठाऊक होतं. "बाई, हे छापलं तर ते पुढच्या वर्षी फोन पाठवणार नाहीत," ते म्हणाले.

"नकोत पाठवू."

"जाहिरातही देणार नाहीत कदाचित."

आपल्याला कामावरून काढून टाकलं तर काय करायचं, याचा विचार तिनं येताना केला होता आणि तो तितकासा भयंकर वाटला नव्हता. गेल्या आठवड्यात तिला ज्याची भीती वाटली होती त्यापुढं नोकरी म्हणजे काहीच नव्हतं. ती नुसती उभी राहिली. संपादकांनी दार लावलेलं आहे ना ते पाहिलं आणि खिशातून आपला फोन काढून टेबलावर पालथा ठेवला. चार वर्षांपूर्वीचा होता, आणि त्याला नव्यासारखं दिसणारं वेष्टण घातलं होतं. "कुणाला बोलू नका," ते म्हणाले. "मला वाटायचं, आपलंच वय झालं." मग त्यांनी पेन घेऊन तिच्या लेखातलं फक्त 'घामाघूम' हे एक विशेषण खोडलं, तेही त्यांना स्वतःबद्दल वाटलं म्हणून असावं, आणि मजकूर खाली पाठवून दिला.

जाहिरात काही गेली नाही. कंपनीत कुणी ते पान वाचत नसावं. वाचकांची पत्रं मात्र आली, आणि त्यांतली बरीचशी हुश्श या अर्थाची होती. एका बाईंनी लिहिलं होतं की मुलगा दरवर्षी नवा फोन आणून देतो आणि दरवर्षी खूश झाल्याचं नाटक करून गालफडं दुखतात. तिनं ते पत्र छापलं नाही, फक्त उत्तर लिहिलं.

पुढच्या वर्षी त्या कंपनीचा नव्या फोनचा समारंभ कचेरीतल्या मोठ्या पडद्यावर दाखवत होते. भर दुपारची वेळ, सगळे खुर्च्या ओढून बसलेले. पडद्यावर एक माणूस दोन्ही हात पसरून सांगत होता की आजवर असं काही झालं नव्हतं. ती मागच्या रांगेत भिंतीला टेकून बसली. फोटोग्राफर वाकून म्हणाला, "ताई, या वर्षी काय वाटतं?" तिनं प्रामाणिकपणे आत डोकावून पाहिलं. आत कुणी वाट पाहत नव्हतं, कुणी कुणाला दोष देत नव्हतं. जेवणानंतर घरात असते तशी शांतता होती. "बरं वाटतंय," ती म्हणाली. पडद्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि तो ऐकता ऐकता तिला छान झोप लागली.